‘ब्रेकिंग डॉन’ अर्ध्यात सोडलं होतं? मग या वेळी असं वाचा

२००९ साली पुण्यात रस्त्याकडेच्या पथारीवरून मी ‘ट्वायलाइट’ या व्हॅम्पायर-मालिकेतलं चौथं आणि शेवटचं पुस्तक ‘ब्रेकिंग डॉन’ घेतलं. किंमत निम्म्याहून कमी, कागद रद्दीच्या लायकीचा, आणि पान ४६४ नंतर पुन्हा पान ४४९. सोळा पानांचा एक फर्मा दोनदा बांधलेला, पुढचा गायब. गोष्ट मध्येच उडी मारते याचं खापर मी कित्येक वर्षं लेखिकेवर फोडत होते. तेव्हा पहिली सूचना वाचन सुरू होण्याआधीच: प्रत धड घ्या. जुनी चालेल, वाचनालयाची चालेल, पण पथारीवरची घेतलीत तर तिथेच उभं राहून सगळे पानक्रमांक बघून घ्या.

हे सगळं पुन्हा आठवलं ते भाचीमुळे. ती अकरावीत आहे. परीक्षा संपल्यावर आठवडाभरात चारही पुस्तकं संपवून तिने फोन केला. “मावशी, साडेसातशे पानं वाचली गं, आणि शेवटी लढाईच नाही! सगळे आपापल्या घरी गेले!” २ ऑगस्ट २००८ च्या मध्यरात्री हे पुस्तक अमेरिकेत विक्रीला आलं, पहिल्या दिवसात तिथे तेरा लाख प्रती गेल्या, आणि पुढच्या काही दिवसांत असंख्य वाचकांनी हेच गाऱ्हाणं मांडलं. माझंही तेच होतं. दुसऱ्यांदा वाचल्यावर मत बदललं. पुस्तक निर्दोष आहे असं नव्हे, पण मी ते चुकीच्या अपेक्षेने वाचलं होतं. युद्धकथा म्हणून वाचलं तर ते फसतं. एका खटल्याची गोष्ट म्हणून वाचलं तर शेवट बराच जमून येतो.

पुढे सगळं उघड सांगितलंय. कोण जगतं, कोण मरतं, काय होतं. ज्यांना ते नको त्यांनी इथेच थांबावं.

आधी त्याची जडणघडण समजून घ्या

स्टेफनी मेयर यांचं ‘ट्वायलाइट’ २००५ मध्ये आलं, ‘न्यू मून’ २००६ मध्ये, ‘इक्लिप्स’ २००७ मध्ये आणि ‘ब्रेकिंग डॉन’ २००८ मध्ये. प्रकाशनाचा हा क्रम सरळ दिसतो, लिहिण्याचा क्रम तसा नाही. पहिलं पुस्तक हातावेगळं झाल्यावर मेयर यांनी लगेच पुढची गोष्ट लिहायला घेतली होती. तिचं नाव होतं ‘फॉरेव्हर डॉन’. त्यात लग्न होतं, मूल होतं, व्हॅम्पायरांवर राज्य करणाऱ्या व्होल्टुरींशी आमनेसामने होतं. हा मजकूर शाळकरी वयाच्या वाचकांसाठी फार मोठ्यांचा ठरला, म्हणून तो बाजूला पडला आणि नायिका बेला हिच्या शाळेतल्या उरलेल्या वर्षासाठी मधली दोन पुस्तकं लिहिली गेली. त्या जुन्या मसुद्यात बेलाचा मित्र, लांडग्याचं रूप घेणारा जेकब याला फारसं काम नव्हतं. दरम्यान मधल्या दोन पुस्तकांत जेकब एवढा मोठा झाला की शेवट पुन्हा लिहिताना त्याला घरात जागा करून देणं भागच होतं.

हे माहीत असलं की पुस्तकातले जोड दिसायला लागतात. जुन्या वाड्याला मधे नवी खोली काढली की भिंतीवर रेघ उमटते, तशी. एकोणचाळीस प्रकरणं आणि तीन भाग: पहिली सात प्रकरणं बेलाच्या तोंडून, आठ ते अठरा जेकबच्या तोंडून, एकोणीसपासून शेवटपर्यंत पुन्हा बेलाच्या. तिन्ही भागांची चाल वेगळी आहे, म्हणून एका दमात वाचू नका. पहिला भाग एका बैठकीत, दुसरा दोन बैठकांत, मग दोन दिवस सुट्टी आणि त्यानंतर तिसरा, असं मी भाचीला सांगितलं. सुट्टीवरून तिने नाक मुरडलं, पण तिसऱ्या भागातलं जग इतकं बदललेलं आहे की डोळ्यांना थोडी विश्रांती लागते.

मागच्या पुस्तकांतलं एवढं ताजं करा

तिन्ही पुस्तकं पुन्हा वाचायची गरज नाही. शेवटच्या पुस्तकाचा सगळा डोलारा मोजक्या पाचसहा धाग्यांवर उभा आहे. एका कागदावर ते उतरवून पुस्तकातच ठेवा.

‘न्यू मून’मधून दोन गोष्टी. इटलीतल्या व्होल्टेरा गावी राहणारे व्होल्टुरी म्हणजे व्हॅम्पायर जमातीची राजसत्ता आणि न्यायासन एकाच वेळी. त्यांचा प्रमुख आरो याला नुसत्या स्पर्शाने समोरच्याच्या आयुष्यातला प्रत्येक विचार कळतो, पण बेलाच्या बाबतीत तो आंधळा आहे. आणि लॉरेंट नावाच्या व्हॅम्पायरला जेकबच्या कळपातल्या लांडग्यांनी मारलं. हा लॉरेंट अलास्कातल्या डेनाली घराण्यातल्या आयरिनाचा प्रियकर होता. फार जण इथेच ठेच खातात, कारण पुढची सगळी आपत्ती आयरिनाच्या रागातून उगवते आणि तोवर लॉरेंट कोण हे कुणाच्या लक्षात नसतं.

‘इक्लिप्स’मधून तीन. बेलाचा व्हॅम्पायर प्रियकर एडवर्ड याची मानलेली बहीण रोझली हिने बेलाला सांगितलेला स्वतःचा भूतकाळ, त्यातही तिला मूल हवं होतं हा भाग. मग इम्प्रिंटिंग, म्हणजे लांडग्याचा जीव एखाद्या व्यक्तीत कायमचा अडकणं. क्विल आणि दोन वर्षांची क्लेअर यांचा प्रसंग तिथेच आहे आणि तो सहज म्हणून लिहिलेला नाही. तिसरी गोष्ट बेला आणि एडवर्डमधला सौदा: आधी लग्न, मग बेलाचं व्हॅम्पायरमध्ये रूपांतर.

उरलेली जोडपुस्तकं आत्ता नकोत. ब्री टॅनरची छोटी कादंबरी २०१० मध्ये आली, ती ‘इक्लिप्स’ला जोडलेली आहे. ‘मिडनाइट सन’ २०२० मध्ये आलं, त्यात पहिल्याच पुस्तकाची गोष्ट एडवर्डच्या तोंडून आहे. दोन्ही नंतर वाचा.

पहिला भाग: लग्नाच्या गडबडीत पेरलेलं बी शोधा

लग्न, मधुचंद्र, समुद्रकिनारा. वरवर हा भाग गोडगोड आहे आणि घाईत वाचून सोडून देण्याजोगा वाटतो. पण मेयर यांनी बहुतेक सगळे पुरावे इथेच दडवलेत. पेन्सिल हातात ठेवा.

दुसऱ्या प्रकरणात ‘अमर बालकां’ची हकिकत येते. लहान मुलांना व्हॅम्पायर केलं की ती कधीच मोठी होत नाहीत, आवरत नाहीत, गावंच्या गावं संपवतात. म्हणून तो सर्वांत मोठा गुन्हा, शिक्षा मृत्युदंड. तान्या, केट आणि आयरिना या बहिणींच्या आईला याच गुन्ह्यासाठी मारलं होतं. या परिच्छेदाच्या बाजूला ठळक खूण करा. लग्नाला आयरिना येत नाही, कारण मंडपात लांडगे असणार. तिथेही खूण.

मधुचंद्र ब्राझीलमध्ये, रिओच्या किनाऱ्यापासून दूर असलेल्या ‘आइल एस्मी’ या काल्पनिक बेटावर. तिथे घर झाडायला येणारी कौरे नावाची बाई आहे. ती अंशतः तिकुना आदिवासी वंशाची आहे. एडवर्ड काय आहे हे तिने ओळखलंय, कारण तिच्या लोकांत सुंदर बायकांच्या मागे लागणाऱ्या रक्तपिपासूंच्या कथा आहेत. घरकाम करणारी बाई म्हणून आपण तिच्याकडे दुर्लक्ष करतो. शेकडो पानांनंतर दक्षिण अमेरिकेतूनच सुटकेचा साक्षीदार येतो तेव्हा कळतं, की दार पहिल्या भागातच किलकिलं करून ठेवलं होतं.

आपल्याला दिवस गेलेत हे कळल्यावर, सातव्या प्रकरणाच्या शेवटी, बेला फोन करते तो रोझलीला. इतके दिवस जिच्याशी पटत नव्हतं तिला. कागदावरचा रोझलीचा धागा इथे कामी येतो.

जेकबचा भाग: इथे घाई करू नका

बहुतेकांची गाडी इथे अडते. बेलाच्या डोक्यात चारशे पानं राहिल्यासारखं वाटत असताना अचानक एक वैतागलेला, चिडका, तिरकस बोलणारा मुलगा गोष्ट हातात घेतो. प्रकरणांची नावंसुद्धा बदलतात. बेलाची एकदोन शब्दांची, याची लांबलचक, स्वतःलाच टोमणे मारणारी. माझ्या मते संपूर्ण मालिकेतलं सगळ्यांत चांगलं लेखन या अकरा प्रकरणांत आहे. कारण सोपं आहे. बेलाचं बाळंतपण बेलाने सांगितलं असतं तर ते त्यागाचं स्तोत्र झालं असतं. ते सांगतो असा माणूस, ज्याला ती मरताना दिसतेय आणि काही करता येत नाही.

वाचताना कळपाचे नियम समजून घ्या, म्हणजे पुढची फूट कळेल. लांडग्याच्या रूपात असताना कळपातल्या सगळ्यांना एकमेकांचे विचार ऐकू येतात. प्रमुखाचा हुकूम मोडणं शक्यच नसतं. पोटातलं मूल धोक्याचं आहे म्हणून कळपाचा प्रमुख सॅम हल्ल्याचा हुकूम देतो आणि जेकबचे पाय त्याच्याविरुद्ध तसेच ओढले जातात. मग त्याला आठवतं की प्रमुखपदाचा वंशपरंपरेने खरा हक्कदार तोच आहे, आजवर त्यानेच ते नाकारलेलं आहे. तो हक्क घेतो आणि एका क्षणात सगळ्यांचे आवाज बंद होतात. मागोमाग सेथ येतो, त्याच्यापाठोपाठ त्याची बहीण लिआ. भाऊबंदकी आपल्याला नवी नाही, पण ज्या घरात मनातलं बोलणंही झाकून ठेवता येत नाही तिथून वेगळं निघण्याची किंमत काय असते, ते हा भाग छान दाखवतो. लिआकडे मुद्दाम लक्ष द्या. जेकब तिला कटकट म्हणतो, पण पुस्तकात कुणी सरळ खरं बोलत असेल तर ती.

दोन ठिकाणी थांबा. एक, बेलाला रक्त प्यायला द्यायची कल्पना जेकबच्या मनातल्या कुत्सित विचारातून निघते. एडवर्डला दुसऱ्यांच्या मनातलं ऐकू येतं, तो हा विचार ऐकतो आणि कल्पना खरी मानतो. दोन, एडवर्डला पोटातल्या बाळाचे विचार ऐकू येतात आणि त्याचा द्वेष एका वाक्यात विरतो. तोपर्यंत जेकब आणि एडवर्ड एकाच दुःखात भागीदार होते. त्या क्षणी जेकब एकटा पडतो.

अठराव्या प्रकरणातलं बाळंतपण रक्तबंबाळ आहे. कणा मोडतो, एडवर्ड दातांनी वाट करतो, हृदयात सुईने विष सोडलं जातं. रात्री जेवल्यावर वाचू नका, एवढंच सांगते. आणि त्याच प्रकरणाच्या शेवटी जेकब ज्या बाळाला मारायला निघतो त्या बाळावरच इम्प्रिंट होतो. या भागाच्या सुरुवातीला शेक्सपिअरच्या ‘मिडसमर नाइट्स ड्रीम’मधली ओळ दिलेली आहे, प्रेम आणि शहाणपण यांची हल्ली फारशी संगत नसते या अर्थाची. डोळ्यांत रस पिळला की समोर दिसेल त्याच्या प्रेमात, हा त्या नाटकातला खेळ. लेखिकेने तो इथे आणलाय. पटतो का, यावर पुढे बोलू.

तिसऱ्या भागाची सुरुवात: इथे पानं उलटायला हरकत नाही

एकोणीस ते सव्वीस. रूपांतराच्या वेदनेचं एकोणिसावं प्रकरण नीट वाचा, कारण बेला ओरडत नाही हे तिथे महत्त्वाचं आहे. नंतर तिला नवे डोळे मिळतात, धुळीचा कण न् कण दिसतो, पहिली शिकार होते, जंगलात झोपडी भेट मिळते. हे वर्णन मला लांबलेलं वाटतं. नव्याने व्हॅम्पायर झालेला माणूस वर्षभर रक्तासाठी वेडा असतो असं तीन पुस्तकं घोकून सांगितल्यावर बेलाला दोन दिवसांत संयम जमतो, ही कथेतली सगळ्यांत मोठी सवलत. चार्ली येतो ते प्रसंग मात्र सोडू नका. पोलिसप्रमुख असलेला बाप समोर दिसतंय ते सगळं समजतो आणि ठरवून विचारत नाही. जेवढं आवश्यक तेवढंच सांगा, म्हणतो. मुलीला गमावण्यापेक्षा अर्धवट माहिती बरी. असे बाप आपण पाहिलेत.

बाळाचं नाव रेनेस्मी. दोन आज्यांची नावं जोडून केलेलं, रेने अधिक एस्मी. मधलं नाव कार्ली, ते एडवर्डचे मानलेले वडील कार्लाइल आणि चार्ली मिळून. भाचीला हे नाव हास्यास्पद वाटलं. मी तिला आपल्याकडच्या बंगल्यांच्या पाट्या वाचायला सांगितल्या, आईबापांची नावं जोडून केलेल्या.

पाहुण्यांची वही

सत्ताविसाव्या प्रकरणाच्या शेवटी आयरिना लांबून रेनेस्मीला पाहते, तिला ‘अमर बालक’ समजते आणि व्होल्टुरींकडे जाते. एडवर्डची बहीण ॲलिस हिला भविष्य दिसतं, तिला ते येताना दिसतात. मग जगभरातून साक्षीदार गोळा होतात आणि तिसाव्या प्रकरणापासून नावांचा पूर येतो. लग्नाच्या कार्यालयात सगळ्यांची ओळख एकाच वेळी करून देतात आणि आपण नुसती मान हलवत राहतो, तसं होतं. सगळी नावं लक्षात ठेवू नका. कोण काय करू शकतो एवढंच लिहा.

एलियाझार: कुणात कोणती शक्ती आहे हे ओळखतो, पूर्वी व्होल्टुरींच्या पदरी होता, म्हणून त्यांच्या कामाची पद्धत सांगू शकतो. केट: कातडीतून विजेसारखा झटका देते, बेलाला शिकवते. झफ्रिना: ॲमेझॉनची, समोरच्याला हवं ते दृश्य दाखवते. बेंजामिन: इजिप्तचा, हवा-पाणी-माती-आग हलवतो. मॅगी: आयर्लंडची, खोटं ओळखते. गॅरेट: एकांडा शिलेदार, स्वातंत्र्याच्या नावाने पेटणारा. व्लादिमीर आणि स्टेफान: व्होल्टुरींनी दीड हजार वर्षांपूर्वी ज्यांची सत्ता उलथवली ते रुमानियाचे दोघे, सुडाला टपलेले. बाकीचे वऱ्हाड समजा.

समोरच्या बाजूचे चार पुरे. जेन वेदनेचा भास देते, ॲलेक इंद्रियं बधिर करतो, डिमिट्री माग काढतो आणि चेल्सी माणसांमधले संबंध बांधते-तोडते. आता एक प्रश्न स्वतःला विचारा: यातल्या किती शक्ती मनावर चालतात? जवळजवळ सगळ्या. बेलाची ढाल नेमकी मनावरच्या शक्तींना अडवते. म्हणूनच ॲलिसचा जोडीदार जॅस्पर याची शक्ती तिच्यावर चालते, कारण ती शरीरातून भावना बदलते, आणि ॲलिसला तिचं भविष्य दिसतं, कारण ते मनात शिरून पाहावं लागत नाही. हा नियम पहिल्या पुस्तकापासून पाळलेला आहे. ढाल इतरांवर पसरवायला ती शिकते ती शिकवणी कंटाळवाणी वाटली तरी एकतिसावं आणि बत्तिसावं प्रकरण वाचाच.

याच सुमारास ॲलिस आणि जॅस्पर पळून गेल्यासारखे निघून जातात. ॲलिसची चिठ्ठी ज्या कागदावर आहे तो शेक्सपिअरच्या ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’मधून फाडलेला आहे. ते पुस्तक बेलाचं आहे, आणि पुढचा सुगावाही त्यातच आहे. त्यावरून बेला सिअॅटलच्या एका माणसाकडून बनावट पासपोर्ट करून घेते. नाटकाचं नाव वाचून पुढे जाऊ नका. जीव जाण्याची वेळ आलेली असताना तलवारीने नव्हे, करारातल्या शब्दांवर बोट ठेवून सुटका होते, ते हे नाटक. लेखिकेने शेवट कसा होणार ते इथे सरळ सांगून टाकलंय. भाचीने ते पान पाच सेकंदांत ओलांडलं होतं.

बर्फातला खटला

आता छत्तीस, सदतीस आणि अडतीस ही प्रकरणं. एका बैठकीत, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. मोकळं मैदान, पसरलेला बर्फ, काळ्या झग्यातली रांग. इथे लढाईची वाट बघणं सोडा आणि कोर्टात बसल्यासारखं बसा. समासात नोंदी करा: आत्ता कोण बोलतंय, फिर्यादी की बचाव?

फिर्याद आयरिनाची: कलनांनी, म्हणजे एडवर्डच्या घराण्याने, अमर बालक निर्माण केलं. बचावाचा पुरावा खुद्द रेनेस्मी. तिचं हृदय धडधडतंय, ती रोज वाढतेय, स्पर्शाने आपल्या आठवणी दाखवते. आरो त्या पाहतो आणि आरोप खोटा ठरतो. खटला इथेच संपायला हवा होता. पण हे न्यायासन न्यायासाठी आलेलंच नाही. त्यांना ॲलिस आणि एडवर्डसारखी रत्नं स्वतःच्या संग्रहात हवी आहेत, आणि त्यासाठी काहीतरी गुन्हा सापडायला हवा.

म्हणून आरोचा साथीदार कायस दुसरं कलम काढतो: तुम्ही लांडगे पाळलेत, आपल्या जन्मजात शत्रूंशी हातमिळवणी केलीत. एडवर्ड शब्दावर बोट ठेवतो. हे पौर्णिमेला बदलणारे नरवृक नव्हेतच, हे रूप बदलणारे आहेत, लांडगा हा योगायोग. तेही कलम गळून पडतं. मग आयरिनाला खोट्या साक्षीबद्दल तिथल्या तिथे मारतात. ही शिक्षा नाही, डिवचणं आहे. तिच्या बहिणी संतापून धावल्या असत्या तर हल्ला कलनांच्या बाजूने सुरू झाला असं म्हणायला मोकळे. त्या दोघींना आपलेच लोक खाली दाबून धरतात. (मारामारीच नाही म्हणणाऱ्या भाचीला हा मृत्यू लक्षातच नव्हता.) मग आरोचा शेवटचा, सगळ्यांत धूर्त मुद्दा: आज ही मुलगी निरपराध असेल, पण उद्या ती काय होईल हे कुणालाच ठाऊक नाही, आणि जे ठाऊक नाही ते धोक्याचं. गुन्हा नसताना संशयावर शिक्षा. गॅरेट त्यावर व्होल्टुरींच्याच साक्षीदारांना उद्देशून बोलतो ते भाषण दोनदा वाचा.

मधे जेन आणि ॲलेक हल्ला करून बघतात, बेलाची ढाल टिकते. ताकदीचं पारडं समान झालंय हे व्होल्टुरींना पहिल्यांदा कळतं. माझ्या मते खरा निकाल इथेच लागतो. नंतर ॲलिस परत येते ती नाहुएलला घेऊन: दीडशे वर्षांचा, आई माणूस आणि बाप व्हॅम्पायर असलेला, सातव्या वर्षाच्या आसपास पूर्ण वाढून मग तसाच राहिलेला तरुण. आरोने ‘ठाऊक नाही’ म्हटलं होतं, त्याचं उत्तर चालत समोर येतं. निकाल: परत फिरा.

मुखपृष्ठावरचा बुद्धिबळाचा पट आता पुन्हा बघा. पुढे मोठी पांढरी राणी, मागे लाल प्यादं. पटाच्या टोकाला पोहोचलेल्या प्याद्याची राणी होते, हे खेळणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

सिनेमा पुस्तकानंतरच

बिल कॉन्डन यांनी पुस्तकाचे दोन सिनेमे केले. पहिला नोव्हेंबर २०११ मध्ये आला, दुसरा नोव्हेंबर २०१२ मध्ये. दुसऱ्यात बर्फावर घनघोर लढाई आहे, कार्लाइलचं मुंडकं उडतं, जॅस्पर, सेथ, लिआ मरतात, आणि मग कळतं की हे सगळं ॲलिसने आरोला दाखवलेलं भविष्य होतं. थिएटरात लोक किंचाळले होते. पडद्यासाठी ती युक्ती झकास आहे. पण सिनेमा आधी पाहिला तर पुस्तकातला खटला वाचताना सतत ‘आता सुरू होईल’ असं वाटत राहतं आणि माझ्या भाचीसारखी निराशा पदरी येते. शिवाय सिनेमात जेकबचा आवाज हरवतो. तो चिडका विनोद कॅमेऱ्यात उतरलेला नाही.

खऱ्या लांडग्यांबद्दल थोडं

गोष्ट जिथे घडते ते फोर्क्स हे वॉशिंग्टन राज्यातलं खरं गाव आहे, आणि पाऊस मुंबईपेक्षा जास्त, फक्त आपल्यासारखा चार महिन्यांत कोसळून मोकळा न होता बहुतेक वर्षभर रिपरिपणारा. जेकब ज्यांच्यातला दाखवलाय ते ला पुश इथले क्विलिट आदिवासी लोकही खरे आहेत. त्यांच्या उत्पत्तिकथेत पूर्वज लांडग्यांपासून माणूस झाले, एवढाच खरा धागा. इम्प्रिंटिंग, व्हॅम्पायरांशी तह वगैरे सगळं कादंबरीचं. समुद्राला लागून असलेल्या त्यांच्या वस्तीला त्सुनामीचा धोका आहे. २०१२ मध्ये अमेरिकन संसदेच्या कायद्याने त्यांना उंचावरची जमीन मिळाली आणि २०२२ मध्ये त्यांची शाळा तिथे हलली. जेकब आवडला असेल तर हेही वाचून ठेवा.

घरातल्या मुलामुलींना देणार असाल तर

प्रणयदृश्यांची फार चिंता नको, तिथे लेखिका वेळेवर दिवा मालवते. जपायचं ते बाळंतपणाच्या प्रकरणाला, आणि त्याहून जास्त दोन प्रश्नांना. एडवर्ड आणि कार्लाइल बेलाचा गर्भ तिच्या जिवासाठी काढायचं ठरवतात, ती नकार देते. तिचा निर्णय तिचा आहे हे बरोबर, पण पुस्तक तिला त्याची किंमत शेवटी भरू देत नाही. सगळं आयतं गोड होतं. आणि दुसरा, तान्ह्या मुलीवर जेकबचं इम्प्रिंट. लेखिकेचं उत्तर असं, की तो आधी भाऊ असेल, मग मित्र, पुढचं मुलगी मोठी झाल्यावर ठरवेल. पण जो तुम्हाला पाळण्यापासून सांभाळतोय आणि ज्याचं सगळं अस्तित्व तुमच्याभोवती बांधलंय त्याला नाही म्हणण्याची मोकळीक कितीशी उरते? मला हे उत्तर तेव्हा पटलं नव्हतं, आजही पटत नाही. भाचीला मी हे सांगितलं नाही, विचारलं. ती म्हणाली, “मावशी, रेनेस्मीला कुणी विचारलंच नाही ना.” तेरा-चौदाच्या मुलामुलींना पुस्तक नाकारण्यापेक्षा ते वाचून झाल्यावर जेवताना हा विषय काढा.

शेवटचं प्रकरण

एकोणचाळिसावं प्रकरण छोटं आहे. ते वाचण्याआधी ‘ट्वायलाइट’ शेल्फावरून काढा आणि पोर्ट एंजेलिसच्या हॉटेलातला प्रसंग वाचा. तिथे एडवर्ड पहिल्यांदा कबूल करतो की त्याला सगळ्यांच्या मनातलं ऐकू येतं, एकट्या बेलाच्या सोडून. बंद दारासमोर उभ्या असलेल्या माणसाची ती चिडचिड नीट बघा. मग परत या. झोपडीत रात्र झालेली आहे, व्होल्टुरी गेलेले आहेत, आणि इतकी पानं दुसऱ्यांभोवती पसरवायला शिकलेली ढाल बेला एडवर्डसाठी पहिल्यांदाच स्वतःवरून बाजूला सारते. दोनदा निसटते. ती पुन्हा प्रयत्न करते.

माझ्या पथारीवरच्या प्रतीत हे पान शाबूत होतं, पण ते कशाचं उत्तर आहे हे तेव्हा कळलं नव्हतं.